जर्मनीतील आश्रयाचा घटनात्मक हक्क : उदय, विवाद आणि संकोच (१९४८–१९९३)

प्रस्तावना

आपल्याकडील पदवी वर्गांत आधुनिक युरोपचा इतिहास शिकवताना जर्मनीची कथा बहुधा १९४५ मध्ये, फार तर १९४९ च्या फाळणीपाशी थांबते. वायमार प्रजासत्ताकाचे अपयश, हिटलरचा उदय, दुसरे महायुद्ध आणि ज्यूंचा संहार हे विषय विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असतात. मात्र या अनुभवातून पश्चिम जर्मनीने आपल्या राज्यघटनेत कोणता धडा उतरवला आणि तो धडा पुढे किती काळ टिकला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. निर्वासितांचा प्रश्न आज युरोपीय राजकारणाच्या केंद्रस्थानी आहे. त्याचे आकलन केवळ २०१५ नंतरच्या घटनांवरून करू लागल्यास तो प्रश्न अचानक उद्भवल्यासारखा भासतो. वस्तुतः त्यामागे चार दशकांहून अधिक काळाचा कायदेशीर वाद आहे.

प्रस्तुत लेखात पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेतील आश्रयविषयक तरतुदीचा जन्म, तिच्याभोवती निर्माण झालेले वाद आणि १९९३ च्या घटनादुरुस्तीने तिला आलेले स्वरूप यांचा मागोवा घेतला आहे. १९९३ मध्ये हा हक्क घटनेतून काढून टाकण्यात आला नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे राखून त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बंद करण्यात आली. असे होऊ शकते याची जाणीव घटनाकारांना १९४९ मध्येच होती आणि त्यांनी तसा इशाराही दिला होता, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

संसदीय परिषदेतील चर्चा

पश्चिम जर्मनीची घटना तयार करण्यासाठी १ सप्टेंबर १९४८ रोजी बॉन येथे संसदीय परिषद भरली. परिषदेत मतदानाचा अधिकार असलेले ६५ सदस्य होते. देशाची फाळणी कायमची मानावयाची नाही, या भूमिकेतून तयार होणाऱ्या दस्तऐवजाला ‘राज्यघटना’ न म्हणता ‘मूलभूत कायदा’ असे नाव देण्यात आले. २३ मे १९४९ रोजी तो जाहीर झाला. त्याच्या सोळाव्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात, राजकीय छळ झालेल्या व्यक्तींना आश्रयाचा हक्क आहे, अशा आशयाचे एक वाक्य होते. मूळ जर्मन भाषेत हे वाक्य अवघ्या चार शब्दांचे आहे. त्यात कोणतीही अट नाही, अपवाद नाही, की ‘कायद्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत’ असा घटनाकारांच्या सवयीचा शब्दप्रयोगही नाही.

हे वाक्य अनवधानाने एवढे मोकळे राहिले, असे मात्र म्हणता येत नाही. स्वातंत्र्य आणि लोकशाही यांच्या बाजूने उभे राहिल्यामुळे छळ झालेल्या जर्मनांपुरताच हा हक्क मर्यादित ठेवावा, अशी सूचना मसुद्याच्या एका टप्प्यावर पुढे आली होती. सोव्हिएत अमलाखालील पूर्व भागातून पळून येणारे जर्मन हे तिच्यामागचे तात्कालिक निमित्त होते. परंतु मुख्य समितीच्या बैठकांत ही सूचना टिकली नाही. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे कार्लो श्मिड यांनी ४ डिसेंबर १९४८ च्या बैठकीत असे मत मांडले की, आश्रय देणे हा नेहमीच औदार्याचा प्रश्न असतो आणि औदार्य दाखवायचे तर प्रसंगी व्यक्तीच्या बाबतीत आपली चूक होण्याचा धोकाही पत्करावा लागतो. त्यांचे पक्षसहकारी फ्रीडरिश विल्हेल्म वाग्नर हे नाझी राजवटीत स्वतः फ्रान्समध्ये आणि पुढे अमेरिकेत आश्रयाला गेले होते. एकतर हा हक्क द्यावा किंवा तो देऊच नये, अशी त्यांची रोखठोक भूमिका होती.

या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियनचे सदस्य आणि कायद्याचे प्राध्यापक हेरमान फॉन मांगोल्ट यांनी १९ जानेवारी १९४९ रोजी मांडला. आश्रयासाठी घटनेत कोणतीही पूर्वअट घातली, तर ती अट पूर्ण होते की नाही याची तपासणी सीमेवरील अधिकाऱ्यांना करावी लागेल आणि मग ही संपूर्ण तरतूदच निरर्थक ठरेल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. मांगोल्ट यांचा युक्तिवाद करुणेचा नव्हता, तो प्रशासकीय अनुभवाचा होता. हक्क कागदावर कोणाला मिळतो यापेक्षा त्याचा निर्णय कोण, कोठे आणि किती वेळात घेतो यावर त्या हक्काचे मोल ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

या भूमिकेमागे ताजा इतिहास होता. १९३३ नंतर जर्मन भाषिक प्रदेशांतून सुमारे पाच लाख लोकांना देशत्याग करावा लागला. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांची परिषद भरली. परंतु डोमिनिकन प्रजासत्ताकाचा अपवाद वगळता कोणत्याही देशाने ज्यू निर्वासितांसाठी आपली दारे फारशी उघडली नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन ज्यूंच्या पारपत्रांवर ‘जे’ हे अक्षर उमटवण्यात येऊ लागले. स्विस अधिकाऱ्यांशी झालेल्या वाटाघाटी हे त्याचे एक कारण होते. या अक्षरामुळे सीमेवरील शिपायाला येणारा माणूस ज्यू आहे हे एका दृष्टिक्षेपात कळत असे आणि त्याला परत पाठवणे सोपे जात असे. मांगोल्ट यांच्या मनातील ‘सीमेवरील तपासणी’ ही अशी होती.

आंतरराष्ट्रीय कायद्याशी तुलना

जर्मन तरतुदीचे वेगळेपण समकालीन आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांशी तुलना केल्यास स्पष्ट होते. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या (१९४८) चौदाव्या कलमात छळापासून बचावासाठी अन्य देशांत आश्रय मागण्याचा आणि मिळालेल्या आश्रयाचा उपभोग घेण्याचा हक्क आहे. मात्र आश्रय देण्याचे बंधन कोणत्याही राष्ट्रावर घातलेले नाही. २८ जुलै १९५१ च्या जिनिव्हा करारात निर्वासिताची व्याख्या करण्यात आली. ज्या ठिकाणी जीवित वा स्वातंत्र्य धोक्यात येईल तेथे निर्वासिताला परत पाठवू नये, हे तत्त्व त्याच्या तेहतिसाव्या कलमात आले. परंतु हा करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता आणि सदस्य राष्ट्रांना तो केवळ युरोपातील घटनांपुरता मर्यादित ठेवण्याचीही मुभा होती. कालमर्यादा आणि स्थलमर्यादा दूर करणारा पूरक करार १९६७ मध्ये झाला.

थोडक्यात, आंतरराष्ट्रीय कायद्यात आश्रय हा राष्ट्राचा अधिकार होता. पश्चिम जर्मनीच्या घटनेत तो व्यक्तीचा हक्क झाला. ज्याने जर्मन भूमीवर पाऊल ठेवले तो परकीय मनुष्य आपल्या हक्कासाठी जर्मन राज्यसंस्थेविरुद्ध जर्मन न्यायालयात उभा राहू शकत होता. नकाराचा प्रत्येक आदेश न्यायालयीन तपासणीस पात्र होता. पुढील सर्व वादांचे मूळ या गोष्टीत आहे.

शीतयुद्धकालीन उदारता आणि बंद झालेले दुसरे दार

पहिली पंचवीस वर्षे या तरतुदीवर फारसा वाद झाला नाही, कारण तिचा वापर मर्यादित होता. १९५६ मधील हंगेरीतील उठाव आणि १९६८ मधील चेकोस्लोव्हाकियातील सोव्हिएत हस्तक्षेप यांनंतर आलेल्यांचे स्वागत झाले. साम्यवादी राजवटीतून आलेला प्रत्येक निर्वासित पाश्चात्त्य लोकशाहीच्या श्रेष्ठत्वाचा जणू पुरावाच होता. या उदारतेत शीतयुद्धाच्या राजकारणाचा वाटा मोठा होता, हे विसरून चालणार नाही.

याच काळात पश्चिम जर्मनीत परदेशी माणसे मोठ्या संख्येने येत होती, ती मात्र वेगळ्या दाराने. इटली (१९५५), स्पेन आणि ग्रीस (१९६०), तुर्कस्तान (१९६१), पोर्तुगाल (१९६४), युगोस्लाव्हिया (१९६८) आदी देशांशी कामगार-भरतीचे करार झाले होते. या कामगारांना ‘पाहुणे कामगार’ म्हटले जाई. पाहुणा परत जातो, हे त्या शब्दातच गृहीत होते. नोव्हेंबर १९७३ मध्ये, तेलसंकटाच्या पार्श्वभूमीवर, ही भरती थांबवण्यात आली. अनेक कामगार परतले नाहीत. त्यांनी आपली कुटुंबे बोलावून घेतली. तरीही ‘जर्मनी हा स्थलांतरितांचा देश नाही’ ही शासकीय भूमिका पुढे दीर्घकाळ कायम राहिली.

१९७३ नंतर कामासाठी येण्याचे दार बंद झाले आणि ज्यांचे कुटुंबीय आधीपासून तेथे नव्हते अशा परकीयांसाठी आश्रयाचा अर्ज हाच जवळजवळ एकमेव कायदेशीर मार्ग उरला. साहजिकच ज्यांचा छळ झाला होता आणि ज्यांना केवळ उपजीविका हवी होती, असे दोन्ही प्रकारचे लोक एकाच रांगेत उभे राहिले. या सरमिसळीचा दोष अर्जदारांवर टाकला गेला. प्रत्यक्षात तिची निर्मिती बव्हंशी धोरणातूनच झाली होती. स्थलांतराचा कायदा करण्यास नकार दिल्यामुळे स्थलांतराचा सारा भार आश्रयाच्या कलमावर पडला.

१९८० चे दशक : शब्द कायम, वाट कठीण

१९७६ मध्ये सुमारे ११ हजार अर्ज आले होते. १९८० मध्ये ही संख्या प्रथमच एक लाखाच्या पुढे गेली आणि १,०७,८१८ झाली. तुर्कस्तानातील अर्जदारांचे प्रमाण त्यात मोठे होते. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला तेथे लष्करी उठाव झाला. ‘आर्थिक आश्रयार्थी’ आणि ‘बनावट आश्रयार्थी’ हे शब्द या काळात राजकीय भाषेत रुळले.

घटनेला हात लावण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक होते. ते नसल्याने शासनाने आडवळणाचे उपाय योजले. १९८० मध्ये तुर्की नागरिकांना प्रवेशपत्र सक्तीचे करण्यात आले. आश्रयार्थींना काम करण्यास मनाई झाली. १९८२ च्या आश्रय प्रक्रिया कायद्याने सामूहिक निवासाची पद्धत रूढ केली. पुढे प्रवेशपत्राशिवाय प्रवासी आणणाऱ्या विमान कंपन्यांवर दंडाची तरतूद झाली. श्रीलंकेतील यादवीमुळे पळालेले अनेक तमिळ पूर्व बर्लिनच्या विमानतळावर उतरून पश्चिम बर्लिनमध्ये येत. ही वाट बंद करण्यासाठी १९८५-८६ मध्ये बॉनने पूर्व जर्मनीशी बोलणी केली. बर्लिनच्या भिंतीतून माणसे येऊ द्यावीत असा आग्रह धरणारे शासन या वेळी त्याच सीमेवरून माणसे येऊ नयेत म्हणून प्रयत्नशील होते.

न्यायालयांची भूमिका या काळात दुहेरी राहिली. पाकिस्तानातील अहमदिया पंथीयांच्या संदर्भात संघीय घटना न्यायालयाने २ जुलै १९८० रोजी दिलेल्या निर्णयात धार्मिक छळ हाही राजकीय छळाच्या कक्षेत येऊ शकतो हे मान्य केले. १० जुलै १९८९ च्या तमिळांविषयीच्या निर्णयात मात्र छळ हा राज्यसंस्थेकडून झालेला किंवा तिच्याकडे बोट दाखवता येईल असा हवा, तसेच स्वदेशातच अन्यत्र सुरक्षित राहता येत असेल तर आश्रयाचा हक्क नाही, हे निकष पक्के झाले. यादवी युद्धातून जीव वाचवून आलेला मनुष्य या व्याख्येतून सहज निसटत असे. त्यामुळे अर्ज फेटाळला जाणे म्हणजे अर्जदार खोटा ठरणे, हे समीकरण चुकीचे होते. तरीही सार्वजनिक चर्चेत ते सर्रास मांडले गेले.

कायदा आणि प्रशासन यांच्या फटीत सापडलेल्या माणसाचे काय होते, हे जेमाल अल्तुन या २३ वर्षांच्या तुर्की तरुणाच्या प्रकरणातून दिसले. आश्रयार्थी म्हणून त्याला मान्यता मिळाली होती. परंतु आश्रयविषयक संघीय आयुक्ताने त्या मान्यतेविरुद्ध दावा दाखल केला आणि दुसरीकडे त्याला तुर्कस्तानच्या स्वाधीन करण्याची प्रक्रिया स्वतंत्रपणे चालूच राहिली. एका कार्यालयाने दिलेला हक्क दुसऱ्या कार्यालयावर बंधनकारक नव्हता. तेरा महिन्यांच्या कोठडीनंतर ३० ऑगस्ट १९८३ रोजी सुनावणी चालू असताना त्याने बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाच्या सहाव्या मजल्यावरील खिडकीतून उडी घेतली. त्याच सुमारास बर्लिनमधील एका चर्चने निर्वासितांना आपल्या आवारात ठेवून घेण्यास सुरुवात केली. ‘चर्चमधील आश्रय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चळवळीचा हा आरंभ मानला जातो.

१९९१ ते १९९३ : तडजोडीकडे

पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या, जर्मनीचे एकीकरण झाले आणि युगोस्लाव्हियात युद्ध भडकले. १९९१ मध्ये २,५६,११२ आणि १९९२ मध्ये ४,३८,१९१ अर्ज आले. १९९२ मधील अर्जदारांत युगोस्लाव्हिया आणि रोमानिया येथून आलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक होते. त्याच वर्षांत जर्मन वंशाचे म्हणून पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्याही प्रतिवर्षी दोन लाखांहून अधिक होती. परंतु त्यांना घटनेनुसार नागरिकत्व मिळत असल्याने त्यांची गणना ‘परकीयां’त होत नसे. नगरपालिकांवर पडलेला ताण खरा होता. शाळांची क्रीडागृहे, तंबू, मालवाहू पेट्या यांत माणसांची सोय करावी लागत होती. १९९२ मध्ये आश्रय मान्य होण्याचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी होते आणि निर्णयाला वर्षानुवर्षे लागत. घटनादुरुस्ती मागणाऱ्यांचा हा युक्तिवाद केवळ द्वेषातून आला होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

तथापि या प्रश्नाचा राजकीय वापर झाला, हेही तितकेच खरे. सप्टेंबर १९९१ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियनचे सरचिटणीस फोल्कर र्‍यूहे यांनी पक्षाच्या स्थानिक शाखांना परिपत्रक पाठवून आश्रयाचा प्रश्न सर्वत्र उपस्थित करण्यास सांगितले. त्याच महिन्यात होयर्सवेर्डा येथे परदेशी कामगार आणि आश्रयार्थी यांच्या वसतिगृहांवर अनेक दिवस हल्ले झाले. अखेर रहिवाशांनाच गावाबाहेर हलवण्यात आले. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉकच्या लिख्टेनहागेन भागात जमावाने व्हिएतनामी कामगारांच्या इमारतीला आग लावली आणि जमलेल्या बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. २३ नोव्हेंबर १९९२ रोजी म्योल्न येथे जाळपोळीत तुर्की कुटुंबातील एक स्त्री व दोन मुली मृत्युमुखी पडल्या. त्याआधी एप्रिलमध्ये बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग प्रांताच्या निवडणुकीत अतिउजव्या रिपब्लिकन पक्षाला १०.९ टक्के मते मिळाली होती.

सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने १९९२ च्या उत्तरार्धात आपली भूमिका बदलली. ६ डिसेंबर १९९२ रोजी प्रमुख पक्षांत तडजोड झाली. योगायोग असा की, त्याच संध्याकाळी म्युनिकमध्ये तीन ते चार लाख नागरिक परकीयांवरील हल्ल्यांच्या निषेधार्थ हातात मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले होते. हिंसाचाराचा निषेध आणि हिंसाचाराने लादलेल्या विषयपत्रिकेची स्वीकृती या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या.

२६ मे १९९३ रोजी बुंडेस्टागने घटनादुरुस्ती ५२१ विरुद्ध १३२ मतांनी संमत केली. हजारो निदर्शकांनी बॉनमधील शासकीय परिसराचे रस्ते अडवल्याने अनेक सदस्यांना ऱ्हाइन नदीतून बोटीने किंवा हेलिकॉप्टरने सभागृहात यावे लागले. तीनच दिवसांनी, २९ मे रोजी, झोलिंगेन येथे एका तुर्की कुटुंबाचे घर जाळण्यात आले आणि पाच स्त्रिया व मुली मरण पावल्या. म्योल्न आणि झोलिंगेन येथील बळी आश्रयार्थी नव्हते. ती वर्षानुवर्षे जर्मनीत स्थायिक झालेली कुटुंबे होती. आश्रयाचे कलम आवळल्याने परकीयद्वेष शमेल, ही अपेक्षा किती फोल होती हे यावरून दिसते.

कलम १६-अ चे स्वरूप

नव्या कलम १६-अ चे पहिले उपकलम म्हणजे १९४९ मधील तेच चार शब्द होत. त्यापुढील उपकलमांनी मात्र त्यांना वेढा घातला. युरोपीय समुदायातील देश किंवा कायद्याने ‘सुरक्षित तिसरा देश’ ठरवलेला अन्य देश यांमार्गे आलेल्या व्यक्तीला या हक्काचा आधार घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. काही देश ‘सुरक्षित मूळ देश’ म्हणून जाहीर करण्याची व्यवस्था झाली. तेथील अर्जदाराचा छळ होत नाही असे गृहीत धरण्यात आले आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. विमानतळावरच जलद निर्णय घेण्याची पद्धतही सुरू झाली.

यांतील पहिली तरतूद निर्णायक होती. पोलंड, चेक प्रजासत्ताक आणि स्वित्झर्लंड यांचा समावेश झाल्याने जर्मनीचे सर्व नऊ शेजारी ‘सुरक्षित’ ठरले. जमिनीवरून येणारा कोणीही कोणत्या तरी सुरक्षित देशातूनच येणार, हे भूगोलाने निश्चित झाले. ‘या माणसाचा छळ झाला आहे काय?’ या प्रश्नाची जागा ‘हा माणूस कोणत्या वाटेने आला?’ या प्रश्नाने घेतली. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी साक्ष, पुरावा आणि न्यायालय लागते. दुसऱ्याच्या उत्तराला सीमेवरील अधिकारी पुरेसा असतो. मांगोल्ट यांनी १९४९ मध्ये वर्णन केलेली परिस्थिती ती हीच. अर्जांची संख्या १९९३ मधील ३,२२,५९९ वरून १९९४ मध्ये १,२७,२१० वर आली.

न्यायालये आणि युरोपीय कायदा

१४ मे १९९६ रोजी संघीय घटना न्यायालयाने या दुरुस्तीची घटनात्मकता मान्य केली. अध्यक्षा युटा लिम्बाख यांच्यासह काही न्यायाधीशांनी मात्र विमानतळावरील प्रक्रियेबाबत भिन्नमत नोंदवले. जर्मनीचे हे प्रारूप तोवर युरोपच्या पातळीवरही आकार घेत होते. कोणत्या देशाने अर्ज तपासावा हे ठरवणारा डब्लिन करार १९९० मध्ये झाला आणि १९९७ मध्ये अमलात आला. २००३ मध्ये त्याची जागा युरोपीय संघाच्या नियमाने घेतली. ज्या देशातून अर्जदाराने युरोपात प्रथम प्रवेश केला त्याच्यावर जबाबदारी टाकण्याच्या या पद्धतीने भार सीमेवरील ग्रीस, इटली यांसारख्या देशांकडे सरकला. २१ जानेवारी २०११ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बेल्जियम व ग्रीस यांच्याविरुद्धच्या प्रकरणात, ग्रीसमधील परिस्थिती माहीत असूनही बेल्जियमने एका अफगाण आश्रयार्थीला तेथे पाठवणे हा हक्कभंग ठरवला. कागदोपत्री ‘सुरक्षित’ असलेला देश प्रत्यक्षात सुरक्षित आहे काय, हा प्रश्न अशा रीतीने पुन्हा न्यायालयात आला.

या इतिहासाला एक विरोधाभासी उत्तरार्धही आहे. जर्मनीत आज संरक्षण मिळणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते जिनिव्हा करार आणि युरोपीय कायदा यांच्या आधारे मिळते. कलम १६-अ खाली मान्यता मिळणाऱ्यांचे प्रमाण अत्यल्प आहे. म्हणजे, १९४९ मध्ये जो आंतरराष्ट्रीय कायदा जर्मन घटनेच्या मागे होता, तोच पुढे निर्वासितांचा मुख्य आधार बनला. २०१५ आणि २०१६ मध्ये मिळून बारा लाखांहून अधिक अर्ज आले, तेव्हाही निर्णयांची चौकट प्रामुख्याने हीच होती. १८ जुलै २०१२ रोजी घटना न्यायालयाने आश्रयार्थींना मिळणारे तुटपुंजे अर्थसाहाय्य घटनाबाह्य ठरवताना, मानवी प्रतिष्ठा स्थलांतर-धोरणाच्या सोयीसाठी कमी-अधिक करता येत नाही, अशी भूमिका घेतली. दुसरीकडे, युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या स्थलांतर व आश्रयविषयक कायद्यांत काही अर्जदारांसाठी सीमेवरच प्रक्रिया करण्याची तरतूद आहे. १९४९ चा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, जर्मनीतील आश्रयाचा हक्क हा केवळ पश्चात्तापाचा उद्गार नव्हता. राज्यसंस्था सीमेवर कशी वागते याच्या प्रत्यक्ष अनुभवातून आलेली ती विचारपूर्वक केलेली योजना होती. दुसरा असा की, या हक्कावरील ताण केवळ येणाऱ्यांच्या संख्येमुळे निर्माण झाला नाही. स्थलांतराचे वास्तव दीर्घकाळ नाकारल्यामुळेही तो वाढला. २००० पासून लागू झालेली नागरिकत्व-सुधारणा आणि १ जानेवारी २००५ पासून अमलात आलेला स्थलांतर कायदा हे पाऊल वीस वर्षे आधी उचलले गेले असते, तर १९९२ ची कोंडी कदाचित एवढी तीव्र झाली नसती.

तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या अध्यापकांना अधिक विचार करावयास लावणारा आहे. १९४८ च्या संसदीय परिषदेत निर्वासिताचे जीवन स्वतः जगलेली माणसे बसली होती. १९९३ च्या बुंडेस्टागमध्ये ती पिढी जवळजवळ अस्तंगत झाली होती. स्मृती जिवंत होती तोवर कलमाला अटींची गरज भासली नाही. स्मृती ग्रंथांत आणि स्मारकांत गेली, तेव्हा शब्द उरले आणि अटी वाढल्या. राज्यघटना अनुभवाला शब्दरूप देऊ शकते, परंतु तो अनुभव पुढच्या पिढीच्या मनात जागा ठेवण्याचे काम तिला एकटीला पेलत नाही. ते शिक्षणाचे काम आहे. म्हणून जर्मनीचा इतिहास १९४५ पाशी थांबवणे म्हणजे विद्यार्थ्याला अपराध सांगणे आणि त्यातून घेतलेला धडा व त्या धड्याचे पुढे काय झाले हे न सांगणे होय.